टाकीचे घाव : भेडाघाटच्या योगिनींकडून एक धडा

(मराठी विभाग. कॅडेट, इयत्ता दहावी)

'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' ही म्हण सैनिकी शाळेतल्या मुलामुलींना पाठ करावी लागत नाही, ती आपोआप पाठ होते. पहाटेच्या पीटीत कोणी धापा टाकत मागे राहिले की उस्ताद ती म्हणतात. गणिताचा पेपर अवघड गेला की सर म्हणतात. रविवारच्या फोनवर रडू आले की घरचेही म्हणतात. म्हण आहे दगडाची आणि मूर्तीची, पण वापरली जाते माणसांसाठी. म्हणून या लेखात मी ती पुन्हा दगडाकडे नेऊन तपासून पाहणार आहे.

त्यासाठी मी जागा निवडली आहे जबलपूरजवळच्या भेडाघाटची, तिथल्या चौसष्ट योगिनी मंदिराची. वडिलांची बदली जबलपूरला झाल्यापासून आमचे घर तिथे छावणीत आहे. गेल्या दोन सुट्यांत मी या मंदिरात पाच वेळा गेले, कधी आजीबरोबर, कधी वडिलांबरोबर. वहीत आकृत्या काढल्या, मूर्तींच्या खालची नावे उतरवून घेण्याचा प्रयत्न केला. त्यातून जे समजले ते इथे क्रमाने मांडते.

१. ठिकाण आणि काळ

जबलपूरहून भेडाघाट वीसेक किलोमीटरवर आहे. बहुतेक लोक तिथे जातात ते धुवांधार धबधबा आणि नर्मदेच्या दोन्ही काठांचे संगमरवरी कडे पाहायला. नौका संगमरवराच्या कड्यांमधून जाते तेव्हा नावाडी यमकात बोलून सगळ्यांना हसवतो. पण नदीजवळच एक टेकडी आहे. तिच्या शंभराहून जास्त पायऱ्या चढून वर गेले की मंदिर लागते. तिथे गर्दी कमी असते.

वाटेत तेवर नावाचे गाव लागते. हीच जुनी त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. इतिहासाच्या पुस्तकात आपण त्रिपुरी काँग्रेस शिकतो, १९३९ सालची, सुभाषबाबू अध्यक्ष असलेली. तिचे नाव याच त्रिपुरीवरून आले. त्याच्या जवळजवळ हजार वर्षे आधी इथून कलचुरींचे राज्य चालत होते. योगिनींचे मंदिर त्यांच्याच काळातले, दहाव्या शतकाच्या सुमाराचे आहे.

कलचुरींचा इतिहास उलगडण्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे, हे मला या अभ्यासात कळले. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी मूळचे कोकणातले, देवगडकडचे. त्यांचे आयुष्य गेले नागपुरात. कलचुरी-चेदी संवताचे शिलालेख एकत्र करून, वाचून, त्यांनी १९५५ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५२ साली त्रिपुरीत उत्खनन केले. कलचुरी संवताचे गणित सोपे आहे: संवताच्या आकड्यात साधारण २४८ मिळवले की इसवी सन मिळतो. हे गणित पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

२. वर्तुळ

मंदिर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाभारा येतो, शिखर येते. हे मंदिर तसे नाही. ते एक मोठे वर्तुळ आहे, सुमारे १२५ फूट व्यासाचे. वर्तुळाच्या कडेने दगडी ओवरी आहे आणि ओवरीत खण आहेत. मधे अंगण, वर आकाश. अंगणात गौरीशंकराचे मंदिर आहे. त्यात शंकर-पार्वती नंदीवर बसलेले आहेत आणि तिथे आजही पूजा होते.

नाव चौसष्ट योगिनी असले तरी खण चौसष्टपेक्षा जास्त आहेत. अभ्यासक इथे एक्क्याऐंशी योगिनींची मांडणी मानतात, म्हणजे नऊ गुणिले नऊ. ओडिशात हिरापूरला असेच गोल मंदिर आहे, पण ते पुष्कळ लहान आणि तिथल्या योगिनी उभ्या आहेत. इथल्या बसलेल्या आहेत, सगळ्या आत तोंड करून.

मला या रचनेत एक गोष्ट फार आवडली. आपण परेड ग्राउंडवर ओळीत उभे राहतो. ओळीला पहिला नंबर असतो आणि शेवटचा असतो, उंच असतो आणि बुटका असतो. वर्तुळात तसे नाही. एक्क्याऐंशी जणींपैकी कोणीही पहिली नाही, कोणीही शेवटची नाही. अंगणात कुठेही उभे राहिले तरी कोणीतरी समोर असतेच.

३. मूर्ती वाचायची कशी

पहिल्यांदा गेले तेव्हा मला सगळ्या मूर्ती सारख्याच वाटल्या. दुसऱ्यांदा वडिलांनी एक युक्ती सांगितली. ते म्हणाले, "नकाशा वाचताना काय करतेस? आधी उत्तर दिशा, मग खुणा, मग नाव. तशीच मूर्ती वाच." त्याप्रमाणे मी चार पायऱ्या ठरवल्या.

पहिली पायरी आसन. बहुतेक योगिनी ललितासनात आहेत, म्हणजे एक पाय आसनावर दुमडलेला आणि दुसरा खाली सोडलेला. ही घाबरलेल्या माणसाची बैठक नव्हे. हल्ल्याच्या तयारीचीही नव्हे. स्वतःच्या घरात बसलेल्या माणसाची ही बैठक आहे.

दुसरी पायरी हात. या मूर्ती अनेक हातांच्या आहेत. हातातल्या वस्तूवरून देवता ओळखतात. पण इथे बहुतेक हात तुटलेले असल्याने ही पायरी अनेकदा गाळावी लागते.

तिसरी पायरी चेहरा आणि वाहन. काहींची तोंडे प्राण्यांची आहेत. आसनाखाली वाहन किंवा छोटी माणसे कोरलेली असतात.

चौथी पायरी नाव. इथल्या अनेक योगिनींच्या आसनाच्या पट्टीवर त्यांचे नाव त्या काळच्या नागरीत कोरलेले आहे. पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम १८७० च्या दशकात इथे आले होते. त्यांनी ही नावे वाचून यादी केली. त्या यादीतली काही नावे अशी: जाह्नवी, यमुना, वैष्णवी, वाराही, इंद्राणी, सर्वतोमुखी, भीषणी, बीभत्सा, रणाजिरा, क्षत्रधर्मिणी, थिरचित्ता.

यातली शेवटची तीन नावे मी वहीत अधोरेखित केली आहेत. 'अजिर' म्हणजे अंगण, म्हणून रणाजिरा म्हणजे रणांगणच. क्षत्रधर्मिणी म्हणजे क्षात्रधर्म पाळणारी. आणि थिरचित्ता म्हणजे जिचे चित्त स्थिर आहे ती. संस्कृतच्या बाईंना मी विचारले की 'स्थिर' ऐवजी 'थिर' कसे. त्या म्हणाल्या, लोक बोलत तसे कोरले असेल, आणि मराठीतही आपण 'थिरावणे' म्हणतोच की. एनडीएचे दरवाजे मुलींना २०२२ साली उघडले. या टेकडीवर रणांगण आणि क्षात्रधर्म ही बाईची नावे हजार वर्षांपूर्वी दगडात कोरली गेली होती.

दुसरीही एक गोष्ट बघा. या वर्तुळात गंगा-यमुना आहेत आणि भीषणी, बीभत्साही आहेत. ज्यांच्याकडे बघून बरे वाटावे अशा आणि ज्यांच्याकडे बघून अंगावर काटा यावा अशा दोन्ही एकाच ओवरीत, एकाच मापाच्या खणात बसवल्या आहेत. घडवणाऱ्यांनी भीती बाहेर हाकलली नाही. तिला बसायला जागा दिली आणि तिचे नाव खाली लिहून ठेवले. वसतिगृहातल्या पहिल्या रात्रीची भीती ज्यांना आठवते, त्यांना यातला शहाणपणा कळेल. नाव दिलेली भीती निम्मी होते.

४. घडवणारा घाव

आता म्हणीकडे येऊ. घाव म्हणजे नेमके काय, हे पाहायला मी खालच्या बाजारात गेले. भेडाघाटच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मूर्तींची दुकाने आहेत. शिवलिंग, गणपती, नंदी, हत्ती, दिवे. बरेचसे काम संगजिऱ्याच्या जातीच्या मऊ दगडात असते. काही संगमरवरात. एका दुकानाच्या मागे एक वयस्कर कारागीर गणपती घडवत बसले होते. मी परवानगी घेऊन तासभर शेजारी बसले.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे नवा दगड हातोडीने हळूच वाजवून ऐकला. स्वच्छ आवाज आला तर दगड चांगला. बद्द आवाज आला तर आत चीर आहे, तो मोठ्या मूर्तीला घ्यायचा नाही. बाजूला ठेवलेल्या बद्द आवाजाच्या दगडाचे काय करता, असे मी विचारले. ते म्हणाले, "त्याच्या पणत्या होतात. त्याला त्याच्या मापाचे काम द्यायचे."

मग दगडावर कोळशाने रेघा. आधी मोठी छिन्नी, मग मधली, मग अगदी बारीक. शेवटी काचकागदाने घासणे. प्रत्येक टप्प्यावर हातोडीचा जोर कमी होत जातो. सोंडेच्या वळणाजवळ तर ते हातोडी वापरतच नव्हते, नुसत्या हाताने छिन्नी ढकलत होते. आणि दर चार-पाच घावांनंतर ते थांबत, फुंकर मारून भुकटी उडवत आणि बघत. मी मोजले, फुंकर मारून बघण्यात त्यांचा जवळजवळ घाव घालण्याइतकाच वेळ जात होता.

मातीची मूर्ती चुकली तर माती परत लावता येते. दगडाचे तसे नाही. काढलेला दगड परत येत नाही. म्हणून कारागिराचे खरे कसब घाव घालण्यात कमी आणि घाव थांबवण्यात जास्त असते. हे त्यांनी मला शब्दांत सांगितले नाही, पण तासभर बसले तर कोणालाही दिसेल.

यावरून घडवणाऱ्या घावाच्या तीन खुणा मी लिहिल्या:

पहिली, घावाच्या आधी मनात चित्र असते.
दुसरी, दगड बघून जोर ठरतो. सगळ्या दगडांना एकच जोर नसतो.
तिसरी, घाव घालणारा थांबून बघतो, आणि कुठे संपवायचे ते त्याला माहीत असते.

५. मोडणारा घाव

आता पुन्हा टेकडीवर चला. वर्तुळातल्या जवळजवळ सगळ्या योगिनी भंगलेल्या आहेत. हात कोपरापासून गेले आहेत, नाके उडाली आहेत, काहींचे चेहरेच नाहीत. कोणी फोडल्या याच्या गोष्टी गावात ऐकायला मिळतात, मुघल सैनिकांचे नाव घेतले जाते. मी या लेखापुरते नावापेक्षा घावाकडे बघते.

फोडणाऱ्याच्या हातातही लोखंडच होते. दगड तोच होता. मेहनतही कमी नव्हती, कारण इतक्या मूर्ती फोडणे हे एका सकाळचे काम नाही. म्हणजे घाव होते, सोसणेही होते. पण त्या घावांनी कोणाला देवपण आले नाही, उलट होते ते गेले. आणि वरच्या तीन खुणांपैकी एकही इथे सापडत नाही. मनात चित्र नाही, दगडाकडे बघणे नाही, थांबणे नाही.

म्हणजे आपली म्हण खोटी नाही, पण अर्धी आहे. देवपण घावाने येत नाही. घावामागच्या हाताने येते. हात कोणाचा आहे आणि तो कशासाठी उचलला आहे, हे विचारल्याशिवाय म्हण वापरू नये.

हे मी का लिहिते आहे तेही सांगते. माझा एक चुलतभाऊ बारा वर्षांचा आहे. तो दुसऱ्या राज्यातल्या एका वसतिगृहात राहतो. मोठ्या मुलांनी त्याला आणि त्याच्या खोलीतल्या तिघांना रात्री दोन वाजेपर्यंत कॉरिडॉरमध्ये उभे केले होते, तेही एकदा नाही, आठवडाभर. कारण विचारल्यावर त्यांना हीच म्हण ऐकवण्यात आली. दिवाळीला तो घरी आला तेव्हा पहिल्यासारखा बोलत नव्हता. पूर्वी तो इतके प्रश्न विचारायचा की काका वैतागायचे. आता जेवताना ताटात बघून जेवतो. त्याच्यात काहीतरी घडले, असे मला वाटले नाही. काहीतरी उडाले, असे वाटले.

याच्या उलट उदाहरण आपल्या रोजच्या जीवनात आहे. आमचे ड्रिलचे उस्ताद आम्हाला दमवतात, पण पहिल्या आठवड्यात ते प्रत्येकीचे चालणे नुसते बघत होते. एकीच्या टाचेला फोड आला होता, तिला त्यांनी चार दिवस बाजूला उभे करून फक्त हातांची हालचाल करायला लावली. पाचव्या दिवशी ती स्क्वॉडमध्ये आली. हा त्यांचा फुंकर मारून बघण्याचा प्रकार. रगडा तोच असतो, पण आम्हाला कळते की त्यांच्या मनात कसले तरी चित्र आहे, आणि त्या चित्रात आम्ही पूर्ण आहोत.

एक फरक मात्र दगड आणि माणूस यांत कायम राहतो. दगड विचारू शकत नाही. माणूस विचारू शकतो, 'कशासाठी?' आणि माणूस टाकी स्वतःच्या हातातही घेऊ शकतो. क्रॉस कंट्रीसाठी जी मुलगी कोणी न सांगता पहाटे अर्धा तास आधी उठते, ती दगडही तीच आहे आणि कारागीरही तीच. मला वाटते सैनिकी शाळेचा सगळा उद्देश हाच असावा, की बारावीपर्यंत टाकी दुसऱ्याच्या हातातून आपल्या हातात यावी.

६. भंगलेल्याला नमस्कार

आमच्या घरात नियम आहे, भंगलेली मूर्ती देवघरात ठेवायची नाही. गेल्या वर्षी अन्नपूर्णेच्या मूर्तीचा हात निखळला, तेव्हा आजीने तिला नमस्कार करून नर्मदेत सोडले आणि नवी मूर्ती आणली. शास्त्रही तसेच सांगते, खंडित मूर्तीची पूजा करू नये.

म्हणून आजीबरोबर योगिनी मंदिरात गेले तेव्हा मला वाटले होते की ती गौरीशंकराचे दर्शन घेईल आणि खाली उतरेल. पण आजीने संपूर्ण वर्तुळ फिरून प्रत्येकीला हात जोडले. आमच्या पुढे खेड्यातले एक कुटुंब होते. त्यातल्या बाईने चेहरा नसलेल्या एका योगिनीच्या मांडीवर झेंडूचे फूल ठेवले आणि तिच्या खाली सोडलेल्या पायाला हात लावला.

मी आजीला म्हटले, "आजी, या तर खंडित आहेत. तुझ्या नियमात बसत नाहीत."

आजी म्हणाली, "अगं, तो नियम आपल्या घरातल्या देवासाठी. या कुठे आपल्या घरात आहेत? या त्यांच्या घरात बसल्यात. हात गेले म्हणून कोणी आपली जागा सोडली का बघ."

मी बघितले. खरेच, हात गेले, शस्त्रे गेली, चेहरे गेले, पण बैठक मोडलेली नव्हती. ललितासन तसेच होते. आणि खाली नाव तसेच होते. थिरचित्ता.

तेव्हा मला आपल्या महाराष्ट्रातले मुरलीकांत पेटकर आठवले. सांगली जिल्ह्यातले हे जवान, ईएमईमधले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालच्या शरीराने साथ सोडली. १९७२ साली जर्मनीत हायडलबर्ग इथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुण्यात खडकीला जखमी जवानांसाठी केंद्र आहे, तिथे असे कितीतरी जण चाकाच्या खुर्चीत बसून काम करतात, चित्र काढतात, खेळतात. शास्त्राचा खंडित मूर्तीचा नियम माणसाला लागू होत नाही. आपली वर्दी घालणाऱ्या कोणाहीबद्दल बोलताना हे विसरता कामा नये.

७. तिसरा प्रकार : झीज

घडवणारा घाव आणि मोडणारा घाव पाहिले. दगडाला एक तिसरी गोष्टही होते, ती म्हणजे झीज. याचे सर्वांत जवळचे उदाहरण पंढरपूरचे आहे. विठोबाच्या पायांवर पिढ्यान्‌पिढ्या लाखो वारकऱ्यांनी डोके टेकवले, हात ठेवले. त्या स्पर्शाने पाय झिजले. मूर्ती टिकावी म्हणून पुरातत्त्व खात्याच्या मदतीने तिच्यावर वज्रलेप करावा लागला.

ही झीजही दगड कमी करते. पण हिला घाव म्हणता येत नाही. इथे कोणी काही काढून घ्यायला आलेले नाही. येणारा स्वतःचे काहीतरी ठेवून जातो आणि जाताना नकळत दगडाचा एक कण घेऊन जातो. मराठीत आपण 'चंदनासारखे झिजणे' म्हणतो ते हेच. मेसमध्ये पहाटे चार वाजता पोळ्या लाटायला लागणारे काका, तापात रात्रभर उशाशी बसणाऱ्या मेट्रन, बदली झाली की तीन दिवसांत घर बांधून नव्या गावात पुन्हा मांडणारी माझी आई, ही माणसे आपल्या हातांनी रोज थोडी थोडी झिजत असतात. आपल्या हातांनी कोण झिजते आहे, याचा विचार आपण पालकदिनाच्या भाषणाखेरीजही करायला हवा.

८. ज्यांची नावे उरली

शेवटी एक शिलालेख. भेडाघाटला सापडलेल्या या लेखावर कलचुरी संवत ९०७ आहे. वर सांगितलेले गणित करा: ९०७ अधिक २४८, म्हणजे इसवी सन ११५५. हा लेख राणी अल्हणदेवीचा. ती मेवाडच्या गुहिल राजघराण्यातली कन्या, कलचुरी राजा गयाकर्णाची पत्नी. लेखाच्या वेळी तिचा मुलगा नरसिंह गादीवर होता. तिने शंकराचे मंदिर बांधले, त्याच्याबरोबर मठ बांधला, अभ्यासासाठी व्याख्यानशाळा बांधली, बागा लावल्या आणि खर्चासाठी गावे दिली. म्हणजे देवाबरोबर शिकणाऱ्यांचीही सोय केली.

याच गयाकर्णाच्या कारकिर्दीत, आजच्या कटनी जिल्ह्यात बहोरीबंदला जैन तीर्थंकर शांतिनाथांची सुमारे बारा फूट उंचीची उभी मूर्ती घडली. दिगंबर, हात सरळ खाली सोडलेले, नजर स्थिर. एकाच राज्यात कोणी शस्त्रधारी देवी घडवत होते, कोणी नंदीवर बसलेले शिवपार्वती, कोणी सगळे सोडून उभा असलेला मुनी. या मूर्तींच्या श्रद्धा वेगवेगळ्या आहेत. पण तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे: शरीर शांत आहे.

अल्हणदेवीच्या लेखाच्या शेवटी आणखी दोन नावे आहेत. बांधकामाची योजना करणारा सूत्रधार पीठे आणि अक्षरे कोरणारा महीधर. राणीच्या लेखात कारागिरांची नावे यावीत, ही मला मोठी गोष्ट वाटते. उलट योगिनींच्या आसनांवर फक्त योगिनींची नावे आहेत. एक्क्याऐंशी मूर्ती घडवणाऱ्यांपैकी कोणीही तिथे स्वतःचे नाव ठेवले नाही.

पंधराव्या वर्षी मला नाव हवेसे वाटते, हे मी लपवत नाही. ऑनर बोर्डवर सोनेरी अक्षरांत नाव यावे असे इथे कोणाला वाटत नाही? पण वर्तुळात फिरताना मला प्रश्न पडला की त्या अनामिक पाथरवटाने 'थिरचित्ता' ही अक्षरे कोरताना काय विचार केला असेल. त्याने आपल्या नावाच्या जागी एक गुण कोरला. पुढे मूर्ती फुटली, पण तो गुण वाचता येतो आहे. मी देव मानते का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. आजी म्हणते, घाई नाही. पण आपण केलेल्या कामाखाली आपले नाव नसले तरी वाचता येईल असा एखादा गुण उरावा, इतकी श्रद्धा मला त्या दगडांजवळ मिळाली.

सारांश

१. घाव सोसणे हे आपोआप मोठेपण देत नाही. हात कोणाचा आणि हेतू काय, हे पाहावे लागते.
२. घडवणाऱ्याची ओळख जोरावरून होत नाही. तो थांबून बघतो का, यावरून होते.
३. भंगलेले ते टाकाऊ नव्हे. बैठक आणि नाव उरले असेल तर मूर्ती अजून बोलते.
४. माणसाला टाकी स्वतःच्या हातात घेता येते. दगडाला येत नाही.

ज्युनिअर कॅडेट्सना अभ्यासासाठी

अ) आपल्या गावातले एखादे जुने देऊळ, चर्च, लेणे किंवा वीरगळ निवडा. आसन किंवा उभे राहणे, हात, चेहरा, नाव या चार पायऱ्यांनी एक मूर्ती वाचा आणि वहीत आकृती काढा. हात लावू नका. अशा जागा संरक्षित असतात आणि झीज थांबवता येत नाही.

आ) घारापुरीच्या लेण्यातील शिल्पेही भंगलेली आहेत, पण त्रिमूर्ती बरीचशी शाबूत आहे. सहलीला गेलात तर प्रत्येक शिल्पाचा कोणता भाग तुटला आहे याची यादी करा. फोडणाऱ्याला नेमके काय पुसायचे होते, असे तुम्हाला वाटते?

इ) भेडाघाटच्या यादीतले एक नाव स्वतःसाठी निवडा. रणाजिरा, क्षत्रधर्मिणी, सर्वतोमुखी, थिरचित्ता, भीषणी, कोणतेही चालेल. ते का निवडले ते दहा ओळींत लिहा.

ई) हा प्रश्न सीनिअर्ससाठी: तुमच्या हाताखालच्या ज्युनिअरला शेवटची शिक्षा दिलीत, तेव्हा तिच्याआधी तुमच्या मनात त्याचे कोणते चित्र होते? उत्तर वहीत लिहू नका. फक्त पुढच्या वेळी शिक्षेआधी ते आठवा.